शब्दचर्चा: 'अल-जन्नान'ला मराठीत काय म्हणायचं?

कोरांटी:
मंडळी, अडलंय. वाचनगटासाठी इब्न खफाजाच्या काही कविता इंग्रजीवरून मराठीत करतेय, अरबी मला येत नाही हे आधीच सांगते. कवी ११-१२व्या शतकातला, जन्म १०५८, गाव आत्ताच्या स्पेनमधलं अल्सिरा, व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला, हुकार नदीच्या वळणात. तेव्हाचं नाव जझीरत शुक्र, म्हणजे शुक्र नदीतलं बेट (शुक्र म्हणजे हुकारच, आपल्या शुक्राशी काही संबंध नाही). बागा, ओढे, फुलं, वारा यांवर इतकं लिहिलं की लोक त्याला 'अल-जन्नान' म्हणायला लागले. इंग्रजीवाले सरळ गार्डनर म्हणून मोकळे झालेत. मी 'माळी' लिहिलं, तर गटातले एक काका म्हणाले माळी म्हटलं की सोसायटीत पाइप धरून उभा असलेला माणूस दिसतो, 'बागवान' करा. ते केलं तर एका ताईंना सिनेमा आठवला. काय ठेवू?

सोलापूरकर:
बागवान अजिबात नको. आमच्याकडे बागवान म्हणजे मंडईत फळं-भाजीचा व्यापार करणारे, आडनावही तेच. म्हणजे विकणारा, लावणारा नव्हे. आणि माळी शब्दात कमीपणा कसला? सावता माळी आमच्याच जिल्ह्यातले, अरणचे. मळ्यातल्या भाजीत विठोबा बघणाऱ्या माणसाला सातशे वर्षं माळीच म्हणतोय ना आपण. काकांना सांगा, सोसायटीच्या बाहेर पण जग आहे.

पाटकरी:
माळी शब्द चांगलाच आहे पण या माणसाला लागू होतो का ते बघा की आधी. इब्न खफाजाच्या हातात खुरपं नव्हतं, घरची जमीन होती, खाऊनपिऊन सुखी, आणि तीच खरी गंमत आहे कारण त्या काळात अंदलुसचे, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनचे, तुकडे होऊन जागोजागी छोटे छोटे राजे बसलेले, बाकीचे कवी कसीदे, म्हणजे स्तुतीच्या कविता, घेऊन या दरबारातून त्या दरबारात, आणि हा आपल्या गावात निवांत, त्या राजांपैकी कुणाच्या दारात गेला नाही. पुढे मुराबितांनी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या राजवटीने, तो मुलूख घेतल्यावर त्यांच्या सुभेदारावर, इब्राहीम बिन यूसुफ बिन ताशफीनवर, कसीदे लिहिलेत, पण ते वय झाल्यावर. त्यामुळे माझं मत 'बागाईतदार'. प्रदेशही पाटाच्या पाण्याचाच. स्पॅनिशमध्ये पाटाला आजही असेकिया म्हणतात, ते अरबी साकियावरून, आणि रहाटाला नोरिया, ते नाऊरावरून. अल्सिराला आज संत्र्यांच्या बागा आहेत.

रिकामटेकडा:
बागाईतदार म्हटलं की मला एकदम द्राक्षं, बुलेरो आणि साखर कारखान्याची निवडणूक दिसते. कवी दिसत नाही राव.

शुद्धमती:
एक साधा प्रश्न. मराठीत लिहिताय ना? मग 'बाग' कशाला, तो फारसी. बागाईत म्हणजे त्या फारसी शब्दाला अरबी बहुवचनाचं शेपूट. आपल्याकडे 'उद्यानपाल' हा नितळ शब्द असताना हे सगळं कशासाठी?

रिकामटेकडा:
उद्यानपाल पदासाठी महानगरपालिकेत अर्ज मागवण्यात येत आहेत, शैक्षणिक पात्रता बीएस्सी कृषी.

शुद्धमती:
हसा. सावरकरांनी महापौर, दिनांक दिले तेव्हाही लोक हसलेच होते.

रिकामटेकडा:
दिनांक फॉर्मवर आहे हो. तोंडात तारीखच आहे. तुमच्या लग्नाचा दिनांक काढला होता का तारीख?

अलिफ_बे:
थोडं अरबी शिकलोय म्हणून लिहितो. जन्नान हा शब्द ज्या साच्यातला आहे तो आपण रोज वापरतो. मधलं व्यंजन दुप्पट करायचं, पुढे आ, झाला धंद्याचा शब्द. हम्माल, सर्राफ, दल्लाल, अत्तार, हज्जाम, जल्लाद. मराठीने जोडाक्षरं बरीचशी सोडली आणि हमाल, सराफ, दलाल, हजाम झाले, अत्तार आणि जल्लाद तसेच राहिले. तसाच जन्नान, जन्नतवाला, बाग राखणारा. अंदलुस आणि मगरिबकडे, म्हणजे वायव्य आफ्रिकेत, माळ्याला सर्रास हाच शब्द. मूळ ज-न-न, अर्थ झाकणं, लपवणं. बाग म्हणजे झाडांनी झाकलेली जमीन. न दिसणारा तो जिन्न, आईच्या पोटात लपलेला तो जनीन, आणि ज्याला जिन्नाने धरलं तो मजनून, आपला मजनू. सराफचं भाषांतर कुणी करत नाही, मग जन्नानचं तरी का करता? तसाच ठेवा.

कोरांटी:
कल्पना आवडली, पण गटात मोठ्याने वाचायचंय. 'त्याला लोक जन्नान म्हणत' वाचलं की निम्मे लोक 'जनाना' ऐकणार.

बकुळमावशी:
किती छान माहिती अलिफदादा!! म्हणजे आपला 'जिन्नस' पण यातलाच ना? आमच्याकडे दिवाळीचे जिन्नस डब्यात झाकूनच ठेवायची आई, मुलांना दिसू नयेत म्हणून. झाकलेला तो जिन्नस. मला तर एकदम पटलं.

अलिफ_बे:
नाही मावशी, जिन्नस 'जिन्स'वरून, ते मूळ ज-न-स. जिन्स म्हणजे प्रकार, जात. शेवटचं अक्षरच वेगळं.

बकुळमावशी:
अक्षर बदलायला कितीसा वेळ लागतो? मी आपली झाकलेलंच धरणार.

पाटकरी:
मूळ मुद्द्यावर येऊ का? माझा आक्षेप त्या टोपणनावालाच आहे. अल-जन्नान, निसर्गकवी, 'अंदलुसचा सनौबरी' असे शिक्के मारून ठेवलेत. मूळ सनौबरी याच्या दीडएकशे वर्षं आधीचा, हलबचा, म्हणजे सीरियातल्या अलेप्पोचा, तिथल्या अमीर सैफ उद-दौलाच्या दरबारातला कवी, त्याने बागा, फुलं, बर्फ यांवर लिहिलं, त्याला म्हणा खुशाल निसर्गकवी. पण इब्न खफाजाची ती डोंगराची कविता वाचा. रात्रीचा एकटा प्रवासी, समोर आभाळ अडवून बसलेला डोंगर, आणि डोंगरच बोलायला लागतो. माझ्या आडोशाला किती खुनी लपले, किती जण पश्चात्तापाने रडले, किती वाटसरू दुपारी सावलीला टेकले, सगळे गेले, मीच किती दिवस मागे राहू? यात निसर्ग किती आणि मरण किती? निसर्गकवी म्हटलं की आपल्याला बालकवी, हिरवळ आणि ऊन-सावली आठवते, मग लोक तेच शोधत बसतात.

सोलापूरकर:
बालकवींत मरण नाही हे कुणी सांगितलं? उदासीनतेच्या कविता वाचल्या नाहीत का? शिक्का आपणच मारलाय, शाळेत फक्त हिरवळच शिकवली.

पाटकरी:
तेच तर म्हणतोय. या माणसाबद्दल जुन्या चरित्रकोशात एक गोष्ट येते. गावाबाहेर दोन डोंगरांच्या मधे एकटाच जायचा आणि जिवाच्या आकांताने ओरडायचा, 'इब्राहीम, तू मरणार!' इब्राहीम हे त्याचंच नाव. डोंगरातून तेच परत ऐकू यायचं, मग पुन्हा ओरडायचा, शुद्ध हरपेपर्यंत. आता याला माळी म्हणा, नाहीतर उद्यानपाल म्हणा.

कोरांटी:
बाप रे, हे माझ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत नाहीये. घेते मी. पण 'परत ऐकू यायचं' याला पडसाद लिहू का प्रतिध्वनी? हे नवीनच लफडं.

शुद्धमती:
प्रतिध्वनी. दोन्ही आपलेच, पण पडसाद आता 'घटनेचे पडसाद विधानसभेत उमटले' असाच उरलाय.

सोलापूरकर:
पडसाद. प्रतिध्वनी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात असतो, १७ मीटरवर भिंत पाहिजे वगैरे. डोंगरात पडसादच.

रिकामटेकडा:
पाटकरीसाहेब, गोष्ट भारी, पण याच माणसाने अंदलुसच्या लोकांना म्हटलंय ना की पाणी, सावली, नद्या, झाडं सगळं तुमच्याकडे आहे, जन्नत इथेच आहे, आणि एकदा जन्नतीत राहिलेला माणूस पुढे जहन्नममध्ये जात नसतो, तेव्हा घाबरू नका. नदीला हातातल्या कड्यासारखं वळण दिलंय आणि दोन्ही काठांच्या फुलांना आकाशगंगा केलंय. हे काय मरणावर आहे? माणूस जेवण, दारू, बाग एन्जॉय करत होता. मधेच मूड जायचा. आपला पण जातो.

पाटकरी:
मूड नाही हो. १०९४मध्ये एल सिद या ख्रिश्चन सरदाराने व्हॅलेन्सिया घेतलं, मुराबितांना ते ११०२मध्ये परत मिळालं. या धामधुमीत हा समुद्रापलीकडे आफ्रिकेत गेला, आणि उजाड झालेल्या व्हॅलेन्सियावर, शत्रूने अंगणं नासली, आगीने रूप पुसलं, असं लिहिलं. ज्याची जन्नत डोळ्यादेखत जळली त्याच्या फुलांकडे त्या नजरेने बघायला नको का?

रिकामटेकडा:
प्रत्येक फुलामागे एल सिद लपलेला नसतो पण. काही फुलं नुसतीच फुलं असतात.

कोरांटी:
भांडा सावकाश, पण आता दुसरं अडलंय. या बागेच्या कवितांमध्ये सारखं 'रबीअ' येतं, तळटीपेत वसंत ऋतू दिलाय. वसंत लिहिलं की मला पळस आणि कोकीळ दिसतात, तिथे तर पाऊस पडून सगळं हिरवं झालेलं असतं.

अलिफ_बे:
रबीअ म्हणजेच आपला रब्बी! आणि खरीफ म्हणजे शरद, पानगळीचा ऋतू, तो आपला खरीप. दोन्ही अरबी ऋतू आपल्या सातबारावर बसलेत आणि कुणाला पत्ता नाही.

शुद्धमती:
सातबारावर बसले म्हणून कवितेत बसवायचे का? 'रब्बी आला, फुलं फुलली' असं लिहिणार आहात?

सोलापूरकर:
एक मिनिट. रब्बीची पेरणी ऑक्टोबरात, थंडी सुरू होताना. यात वसंत कुठून आला?

पाटकरी:
नाव पेरणीवरून नाही, काढणीवरून. सारा पीक हातात आल्यावर वसूल व्हायचा. हरभरा, गहू वसंतात निघतो म्हणून रब्बी, बाजरी शरदात निघते म्हणून खरीप.

सोलापूरकर:
गव्हाचं ठीक आहे. आमची रब्बी म्हणजे ज्वारी, शाळू. हुरडा डिसेंबर-जानेवारीत, स्वेटर घालून खातो आम्ही. वसंतात हुरडा खाल्लेला माणूस दाखवा.

पाटकरी:
हुरडा म्हणजे काढणी नव्हे हो, कणसात दूध भरलेलं असतं तेव्हा.

सोलापूरकर:
मला हुरडा शिकवताय? शाळू आमच्या घरचा आहे.

बकुळमावशी:
सोलापूरकर, खरंच घरचा असेल तर यंदा सगळ्यांना बोलवा ना हुरड्याला. शेंगदाण्याची चटणी मी आणते. आणि तो 'हुरडा' शब्द कुठून आला हो?

रिकामटेकडा:
हूर. जन्नतीतली.

अलिफ_बे:
नाही!!