डोंगरपायथ्याचं घर: वहाळाकाठची तयार वास्तू की सड्यावरचा मोकळा प्लॉट?

वहाळाकाठ: संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला दोन जागा बघितल्या आहेत. पहिली वहाळाच्या काठाला. चिऱ्याचं जुनं कौलारू घर, विहीर, नारळ-पोफळी. डोंगर कापून चौथरा केलाय, त्यामुळे घरामागे 12 फुटांची उभी दरड आहे. दरड आणि मागची भिंत यांत 5 फूट अंतर. दुसरी जागा वाडीच्या वर सड्यावर, सपाट कातळ, पण फेब्रुवारीनंतर पाणी नाही. दोघे आईवडील धरून चार माणसं बारमाही राहणार. कुठली घ्यावी आणि काय काय तपासावं?

आगोट: घर नंतर बघा, आधी दरड बघा. आपल्याकडे वर जांभा आणि त्याखाली पांढरट-पिवळी चिकट माती, अशी रचना बऱ्याच ठिकाणी असते. जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी झरझर खाली उतरतं आणि त्या मातीवर अडतं. मग ते आडवं वाहून उतारावर बाहेर पडतं. सलग चार-पाच दिवस मुसळधार पाऊस झाला की हीच माती साबणासारखी होते आणि वरचा सगळा भार तिच्यावरून घसरतो. पायथा कापून चौथरा केला असेल तर त्या भाराचा टेकूच काढून घेतलेला असतो.

म्हणून दरडीत जांभा आणि चिकट माती यांची सीमारेषा दिसते का ते शोधा. मग दरडीच्या वर, निदान दोनशे फूट चढून जा. जमिनीला उताराला आडव्या भेगा आहेत का, झाडांची बुडं वाकून शेंडे पुन्हा सरळ वर गेलेत का, दगडी कुंपणाचे गडगे मध्येच फुगलेत का, हे बघा. वर नवा रस्ता किंवा चिऱ्यांची खाण निघाली असेल तर तिचं पाणी कुठे सोडलंय ते विचारा.

5 फूट अंतर फार कमी आहे. दरड जेवढी उंच, निदान तेवढं अंतर हवं, म्हणजे इथे 12 फूट. नुसती सिमेंटची भिंत बांधून भागत नाही. मागे साचलेलं पाणीच ती भिंत ढकलतं. भिंतीमागे फूट-दीड फूट दगडगोट्यांचा भराव आणि भिंतीत दर 5 फुटांवर 3 इंची पाइप हवेत. दरडीच्या माथ्यावर चर खणून पाणी बाजूला काढायला हवं, आणि तो चर दरवर्षी मिरगाआधी उपसायला हवा.

‘गावाचं नाव दरडप्रवण यादीत नाही’ एवढ्यावर विसंबू नका. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी गाडली गेली, तिचंही नाव यादीत नव्हतं. त्याआधी 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली.

चिरेबंदी: घराबद्दल. पेचकस घेऊन जा आणि वळचणीला प्रत्येक वाशाच्या टोकाला टोचा. अर्धा इंच सहज आत गेला तर ते टोक कुजलंय. बाहेरून रंग दिलेला असतो, नजरेला काही कळत नाही. वासे किंजळ, ऐन, फणस किंवा सागाचे असतील तर टिकतात. आंब्याचं लाकूड असेल तर पूर्ण छप्पर नवीन करण्याचा खर्च धरून भाव करा. भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या वर चढल्या असतील तर वाळवी आहेच.

छपराचा उतार तीस अंशांच्या आसपास हवा, कमी असला की वाऱ्याच्या झोतात पाणी कौलांखाली शिरतं. पागोळी भिंतीपासून 3 फूट लांब पडली पाहिजे. झड नैऋत्येकडून येते, त्यामुळे त्या बाजूला पडवी आहे का बघा. नसेल तर दर पावसाळ्यात झापांचा आडोसा बांधावा लागेल. जोतं अंगणापासून 2 फूट तरी वर आणि काळ्या दगडात असावं. जांभा ओल शोषतो आणि वर चढवतो. नवं बांधकाम करणार असाल तर जोत्यावर दीड-दोन इंचांची डीपीसी (ओल वर चढू न देणारा थर) घालायला गवंडी टाळाटाळ करेल, त्याच्यामागे उभं राहून घालून घ्या.

सातबारा_आठअ: असेसमेंटचा उतारा म्हणजे मालकी नव्हे, ती घरपट्टीची नोंद. सातबाऱ्यावर इतर हक्कात कूळ आहे का बघा. कोकणात सामाईक हिस्सेदार मुंबईत विखुरलेले असतात, प्रत्येकाची सही हवी. जमीन शेतीची असेल तर तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागेल. आणि घरापर्यंत गाडी जाते ती वाट कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, हेही बघा. घरात म्हातारी माणसं आहेत, रात्री गाडी दारात यायला हवी.

वहाळाकाठ: मनापासून आभार. आणखी एक, मे महिन्यातसुद्धा त्या दरडीच्या तळाला ओल होती. मालक म्हणतात, जिवंत झरा आहे, शुभ आहे.

आगोट: विहिरीला तो झरा चांगला, घराला नाही. मेमध्ये ओल असेल तर आषाढात तिथून धार लागणार. ते घर राहण्यासाठी घेऊ नका. बाग आणि विहीर स्वस्तात मिळत असेल तर तेवढीच घ्या.

सड्यावर पाया कातळातच मिळेल, कापाकापी नाही. राहतो पाण्याचा प्रश्न. माणशी 100 लिटर धरले तर चौघांना मार्च ते मे साधारण 37 हजार लिटर लागतात. हजार चौरस फुटांच्या छपरावर 3000 मिलिमीटर पावसात पावणेतीन लाख लिटर पडतं. पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या, मग 40 हजार लिटरची झाकलेली टाकी भरा. कातळात खणणं महाग पडतं, जमिनीवरच बांधा. शोषखड्डा मात्र विचार करून ठेवा: कातळाच्या भेगांतून मैला थेट खालच्या विहिरीत जातो. विहिरीपासून निदान 60 फूट लांब आणि तिच्या खालच्या अंगाला हवा. त्या सड्याखाली कोणाकोणाच्या विहिरी आहेत ते वाडीत विचारून घ्या.