हसून गायचं ते आवाजासाठी की फोटोसाठी?

मंद्रसप्तक
"हसून गा, आवाज खुलेल." गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. मी चार वर्षं ऐकतोय आणि आता माझं मत ठाम झालंय: हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि सरसकट दिला तर गाणं बिघडवतो.

परवा मोबाइल पालथा ठेवून एकच सूर, एकच 'आ' तीनदा रेकॉर्ड केला. एकदा चेहरा ढिला सोडून, एकदा ओठांचे कोपरे कानांकडे ओढून, एकदा ओठांचा चंबू करून. बहिणीला काही न सांगता ऐकवलं. म्हणाली, "दुसऱ्या वेळी वरचा सूर लावलास ना?" सूर तोच होता, ट्यूनर लावून पाहिला.

गंमत अशी की सुराची उंची स्वरतंतू ठरवतात, पण त्या आवाजाला रंग देते ती तंतूंपासून ओठांपर्यंतची नळी. प्रौढ पुरुषात ती साधारण १७ सेंटीमीटर असते. हसलं की पुढून ती आखूड होते, अनुनाद (ज्या कंपनांना नळी घुमून जोर देते ते) वर सरकतात, आवाज उजळतो. चंबू केला की लांबते आणि आवाज गडद होतो. तेव्हा चेहऱ्याने आवाज बदलतो, मान्य. बदलतो म्हणजे सुधारतो, हे कुणी ठरवलं? हसऱ्या ओठांनी 'ऊ' लावून बघा. धड ऊ नाही, धड इ नाही.

तानपलटा
तुम्ही सल्ल्यातला शब्द पकडलात आणि अर्थ सोडलात. मी नवख्यांना शिकवते. "हस" म्हणते तेव्हा मला दात बघायचे नसतात. चारचौघांत जांभई दाबताना तोंड मिटलेलं असूनही आत जी पोकळी होते, मऊ टाळू वर जातो, ती हवी असते. आता हे पहिल्या दिवशी कसं सांगायचं? "मऊ टाळू उचल" म्हटलं की मुलं छताकडे बघतात.

दुसरं म्हणजे जबडा. घाबरलेला विद्यार्थी दातांवर दात रोवून गातो. जिभेचं मूळ ज्या हाडाला धरून आहे, त्याच हाडाला स्वरयंत्र टांगलेलं असतं. जीभ-जबडा आवळला की खालचं सगळंच ओढलं जातं. त्याला "जबडा सैल सोड" म्हणा, तो आणखी आवळतो. "हस" म्हणा, सुटतो. औषध लागू पडतंय ना? मग बाटलीवरच्या नावावरून भांडण कशाला!

मंद्रसप्तक
@तानपलटा, लागू पडतं ते पहिल्या महिन्यात. पुढे तेच हसू चिकटून बसतं त्याचं काय? तार सप्तकात जायचं तर जबडा खाली सुटायला हवा. पाश्चात्त्य ऑपेरातल्या सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच सुरांत गाणाऱ्या गायिका, सूर चढेल तसं तोंड जास्त उघडतात, ते अभिनय म्हणून नव्हे. नळीचा पहिला अनुनाद सुराच्या बरोबरीने वर न्यायचा असतो. तिथे आडवं हसू धरून ठेवलं तर आवाज पातळ, चिरका होतो. माझा व्हायचा.

बेसूर_पण_हौशी
आणि भुवया? मी वरच्या 'सा'ला भुवया इतक्या चढवतो की टोपी हलते. 😀

मंद्रसप्तक
भुवयांच्या स्नायूंचा स्वरयंत्राशी काही संबंध नाही. पण ऐकणाऱ्याशी आहे! गायकाची मूक चित्रफीत दाखवली तरी दोन सुरांतलं अंतर कमी की जास्त, हे लोक चेहऱ्यावरून बऱ्यापैकी ओळखतात. २००७ मध्ये तसा प्रयोग प्रसिद्ध झालाय. म्हणजे तुमची भुवई समोरच्याच्या कानात सूर चढवते, तुमच्या गळ्यात नाही.

जुनी_वही
हा वाद तुम्ही आज काढलात. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' या संस्कृत संगीतग्रंथात गायकाचे २५ दोष मोजलेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट, तोंड भयंकर वासणारा कराली, गाल भोपळ्यासारखे फुगवणारा तुंबकी. डोळे मिटून गाणारा निमीलकही दोषीच, म्हणजे आपल्यातले निम्मे बाद. न हसणाऱ्याला मात्र त्यात वेगळं नाव नाही.

कोरसवाली
सगळे नळी-नळी करताय, गाण्यातल्या भावाचं काय? विरहाचं पद हसऱ्या चेहऱ्याने गायलं तर आवाज उजळणारच आणि पद मरणारच. भाव मनात आला की चेहरा आपोआप बदलतो आणि आवाज त्याच्यामागे जातो. उलटं करायला गेलात, आधी चेहरा आणि मग भाव, की मुखवटा होतो.

तानपलटा
पण चेहऱ्याने मनही बदलतं म्हणतात ना? ते दातांत पेन धरण्याचं...

कोरसवाली
तो १९८८ चा प्रयोग. दातांत पेन धरून हसरं तोंड केलं की व्यंगचित्रं जास्त मजेशीर वाटतात म्हणे. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच पुन्हा करून पाहिला, तो परिणाम काही दिसला नाही. त्याच्या जिवावर मुलांना हसवू नका. जबड्याचं कारण पटलं, तेवढं पुरे आहे.

तानपलटा
बरं, पेन परत घेतलं. पण @मंद्रसप्तक, तुमच्या प्रयोगात चौथा 'आ' राहिलाय. ओठ ढिले, जबडा सुटलेला, फक्त गाल डोळ्यांखाली जरा उचललेले आणि आत दाबलेली जांभई. तो रेकॉर्ड करा, मग बोलू.

मंद्रसप्तक
केला. बहिणीला पहिल्यात आणि चौथ्यात काडीचा फरक कळला नाही, तेव्हा ऐकणाऱ्यापुरता मुद्दा माझाच. फक्त एक कबूल करतो: पहिल्यात श्वास बारा सेकंद पुरला होता, चौथ्यात सतरा. बहुतेक योगायोग. उद्या सकाळी पुन्हा मोजतो.