निवृत्त नॅट विमान नाशिकहून पुण्याकडे प्रदर्शनासाठी न्यायचे आहे : पंख काढावा का?

सातपूरकर

नमस्कार. नाशिकमधील आमच्या शिक्षणसंस्थेच्या आवारात हवाई दलाकडून मिळालेले एक निवृत्त नॅट (छोटे लढाऊ जेट) विमान उभे आहे. पुण्याजवळ जुन्या लढाऊ विमानांचे प्रदर्शन भरणार असून, हवेत कसरती करणाऱ्या विमानांच्या जोडीला जमिनीवर मांडण्यासाठी आमचे नॅट आणावे, अशी आयोजकांची विनंती आहे. विमानाचे इंजिन पूर्वीच काढलेले आहे, वैमानिकाची सीट मात्र जागेवर आहे. ट्रेलरवाले म्हणतात की पंखासकट उचलून रात्रीतून पोहोचवू. हे कितपत योग्य आहे? शिवाय १९७१ च्या युद्धातील एखाद्या गाजलेल्या नॅटचा क्रमांक त्यावर रंगवावा, असेही आयोजकांनी सुचवले आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओझर_निवृत्त

माझी नोकरी ओझरच्या कारखान्यात मिग-२१ वर गेली आणि नॅट बंगळुरूला तयार होत असे, तरीही विमान रस्त्याने नेण्याचे गणित दोन्हीकडे सारखेच आहे. नॅटच्या पंखांचा विस्तार ६.७३ मीटर आहे, तर रस्त्यावरील वाहनाला साधारणपणे २.६ मीटर रुंदीची मर्यादा असते. त्यामुळे पंखासकट नेण्याचा विचार सोडून द्यावा. सुदैवाने नॅटचा पंख धडाच्या वरच्या बाजूला बसवलेला असतो आणि मुख्य चाके पंखात नसून धडातच असतात, म्हणून पंख उतरवल्यावरही विमान स्वतःच्या चाकांवर उभे राहते. ही सोय सगळ्याच विमानांत नसते. पंख उतरवल्यानंतर शेपटाच्या आडव्या पंखांची रुंदी स्वतः टेप लावून मोजावी, कारण तिचा विसर हमखास पडतो आणि ती मर्यादेबाहेर गेली, तर ओडीसी (म्हणजे ठरल्या मापाबाहेरच्या मालाचा) परवाना काढावा लागतो.

उचलताना आणखी एक काळजी घ्यावी. नॅटचे इंजिन धडाच्या मागच्या भागात असते. ते नसल्यामुळे विमानाचा तोल पुढे सरकलेला असणार. त्यामुळे माहितीपुस्तिकेतील उचलण्याच्या खुणांवर डोळे मिटून विसंबू नये. हायड्रा क्रेनवाल्याला आधी वीतभरच उचलायला सांगावे, नाक झुकते का ते पाहावे आणि पट्टे सरकवून मगच पुढे जावे. पट्टे पातळ पत्र्यावर ताणले की पत्रा चेपतो आणि तो पुन्हा सरळ करणारे कारागीर आता फारसे उरलेले नाहीत.

गंगापूर_रोड

पंखापेक्षा मला सीटची चिंता अधिक वाटते. ती इजेक्शन सीट आहे, म्हणजे तिच्यात वैमानिकाला बाहेर फेकणारी स्फोटक काडतुसे असतात. विमान देताना ती काढलेली असणारच, असे गृहीत धरू नये. लेखी दाखला मिळेपर्यंत कॉकपिटमध्ये कोणालाही, विशेषतः मुलांना, बसू देऊ नये. दाखला सापडत नसेल, तर विमान ज्यांच्याकडून मिळाले त्यांनाच लिहावे, स्थानिक मेकॅनिककडून खोलून घेण्याचा उद्योग करू नये. विमान आवाराबाहेर नेण्यास त्यांची परवानगी लागते का, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. त्या काळातील काही उपकरणांच्या तबकड्यांवर किरणोत्सारी रेडियमचा चमकणारा रंग असे, म्हणून तबकड्यांच्या काचा उघडू वा घासू नयेत.

सिन्नर_फाटा

रस्त्याबद्दल थोडेसे. चाकांवर उभ्या नॅटची उंची सुमारे अडीच मीटर आहे. त्यात ट्रेलरच्या फळीची उंची मिळवा आणि सिन्नर, संगमनेर, नारायणगाव या मार्गावर आधी रिकाम्या गाडीने जाऊन पाहा. चंदनापुरी घाटापेक्षा गावांतील स्वागतकमानी आणि लोंबणाऱ्या तारा जास्त त्रास देतात. सणासुदीला तर एका रात्रीत नवी कमान उभी राहते!

ओझर_निवृत्त

क्रमांकाविषयी लिहायचे राहिले. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखाँ १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात नॅटमधूनच लढले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, हे फलकावर अवश्य लिहावे. तसेच २२ नोव्हेंबर १९७१ रोजी पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरील बोयऱ्याच्या चकमकीत नॅट विमानांनी पाकिस्तानची सेबर लढाऊ विमाने पाडली, हेही लिहावे. परंतु आपल्या विमानावर त्यांचा क्रमांक रंगवू नये, कारण त्यामुळे पाहणाऱ्याची फसवणूक होते आणि आपल्या विमानाची स्वतःची ओळख पुसली जाते. मूळ क्रमांक शोधून तोच ठेवावा. आयोजक हट्टाला पेटले, तर मी तरी विमान पाठवणार नाही.

प्रदर्शनाच्या ठिकाणी चाकांना ठोकळे लावून विमान जमिनीला बांधून ठेवावे. इंजिनासह रिकामे नॅट जेमतेम सव्वादोन टनांचे असते, आपले त्याहून हलके आहे, आणि शेजारून एखादे हार्वर्ड (जुने पंख्याचे प्रशिक्षण विमान) पंखा फिरवत गेले की मागे येणारा वारा काही लहान नसतो.

सातपूरकर

सर्वांचे आभार. सीटच्या दाखल्यासाठी आणि परवानगीसाठी आजच पत्र लिहीत आहे. उत्तर येईपर्यंत ट्रेलर ठरवणार नाही. क्रमांकाबाबत आयोजकांना नकार कळवला असून, त्यांनी तो मान्य केला आहे. शेपटाची रुंदी उद्या मोजून येथे लिहितो.