होळी झाली की तबलजीने काय करायचं?

झाडीतला तबलजी:
नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरीकडचा आहो. झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकात तबला अन् ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवतो. दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) सुरू झाली की आज अर्जुनी तर उद्या आरमोरी, झोपाले टाइम नाही. होळी झाली की फोन बंद. 2023 ला आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा घरचे जरा नरमले होते, आता पुन्हा 'कंपनीत लाग नाहीतर बांधीत (धानाच्या शेतात) उतर' सुरू. पोस्टरवर नटाचा फोटो, डान्सरचा फोटो, आमचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात. नाईट (एका रातचे पैसे) वाढवून मागितली की मालक म्हणतो, तुझ्यासारखे शंभर. सोबतचा एक पोट्टा पुण्याले गेला. मीही जाऊ का? अन् इथंच राहिलो तर वर कसं जायचं?

पायपेटीवाला:
बापू, पोस्टरचं सोड. गावचं मंडळ नाटक ठरवते ते नट पाहून, ते काही बदलत नाही. पण तबल्यावर कोण हे ठरवताना मालक गाणारीले अन् माझ्यासारख्या ऑर्गनवाल्याले (पायपेटी म्हणजे ऑर्गनच) विचारतो. 'तोच पाहिजे' असं त्यांनी म्हटलं की शंभराचे दोन होतात.

आमच्या संचातला तबलजी काय करतो ते सांगतो. नाटक पहाटेपर्यंत चालते. पौषात दव पडलं की मध्यरात्रीनंतर पुडी (तबल्याचं कातडं) ढिली होऊन सुरात उतरते. बाकीचे पोट्टे तसंच रेटतात, ऑक्टोपॅड मोठा करून झाकतात, गाणारी बिचारी सा शोधत राहते. हा मात्र विनोदी प्रवेश चालू असतानाच तबला हॅलोजनजवळ धरतो, गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या काठावर) हातोडीचे हलके ठोके देतो अन् गाण्याच्या आधी मिळवून तयार. जवळ दोन तबले. पुरुष काळी एकले (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गातो, त्याले लहान तोंडाचा. बाई काळी पाचले, तिले मोठ्या तोंडाचा. एकाच तबल्याले दोन्हीकडं ताणलं की पुडीही जाते, सूरही जाते. त्याची नाईट इतरांहून जास्त आहे अन् मालक मुकाट देतो.

राहिला पावसाळा. झाडीत पैसा धान निघाल्यावर हातात येते, म्हणून रोवणीत (धान लावायच्या दिवसांत) तुले कोणी बोलावणार नाही. त्यात तुझा काय दोष? शिकवणी लाव, विशारद अर्धवट असेल तर पुरी कर. खंजिरी येते का? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी गावोगावी होते, भजनाले चांगला हात कोणाले नको? अन् तारीख घेताना आगाऊ घेत जा, वहीत सही घेऊन.

नागपूरची वाचक:
आकाशवाणी नागपूरच्या स्वरचाचणीचा अर्ज भर. बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. पैसा फार नाही, पण कार्यक्रम मागायला जाताना श्रेणी सांगता येते. चाली लावत असशील तर आयपीआरएसचं (गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सभासदत्व बघ. तिथे गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक घेतात, नुसत्या वादकाला जागा नाही. आणि यूट्यूबसाठी गाणं देताना 'सर्व हक्क' लिहून घेतले तरी कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा काढून घेता येत नाही. चाल तुझी असेल तर नाव टाकून घे, लाजू नको.

पुण्यातला भंडारेकर:
पायपेटीवाल्या काकांचं अर्धं पटलं. पुण्यात कमाई खोलीभाडं खाते, पण स्टुडिओत क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठेक्याच्या टिकटिकीवर) वाजवायला मी इथंच शिकलो. गावात राहून ते झालं नसतं. ये, पण सीझन सोडून नको येऊ. होळीनंतर ये, मंडईले परत जा.

झाडीतला तबलजी:
हे जमण्यासारखं आहे भाऊ. काका, मोठ्या तोंडाचा तबला वडशात मिळते का नागपूरलेच जावं लागते?

पायपेटीवाला:
नागपूर. लाकूड शिसम पाहा, शाईले (पुडीवरच्या काळ्या गोलाले) चीर नको. एकटा जाऊ नको, दुकानदार नवा माणूस ओळखतो. मले पुढच्या आठवड्यात पेटीच्या भात्याचं काम आहेच, सोबतच जाऊ.