मदत हवी आहे: लाकडी फ्रेमवर ड्रायवॉल बसवायला कोणते स्क्रू घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही मिनेसोटात राहतो. जानेवारीत वरच्या बाथरूमचा पाइप गोठून फुटला आणि खालच्या खोलीचं छत आणि एक भिंत भिजली. भिजलेला ड्रायवॉल (जिप्समचे कागद लावलेले बोर्ड) काढून टाकलाय. पंखे आणि डीह्युमिडिफायर लावून खोली वाळवत आणलीय. सध्या स्टड (भिंतीतले उभे लाकडी खांब) आणि जॉइस्ट (छतातल्या आडव्या लाकडी तुळया) उघडे आहेत, दोन्ही १६ इंचांवर. मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून येताहेत. आईच्या गुडघ्यांमुळे खालचीच खोली त्यांना द्यायची आहे, म्हणून काम अगदी पक्कं व्हायला हवं.

भिंतीला अर्धा इंची आणि छताला ५/८ इंची बोर्ड आणलाय, आधी होता तसाच. अडलंय ते स्क्रूपाशी. दुकानात बारीक आट्यांचे, जाड आट्यांचे, सव्वा इंचापासून तीन इंचांपर्यंत सगळे काळेच. बाबा फोनवर म्हणाले, "छताला वजन असतं, लांब स्क्रू घे." म्हणून दोन इंची बारीक आट्यांचा डबा घेतला आणि उरलेल्या टू-बाय-फोरवर (स्टडच्या लाकडावर) बोर्डाचा तुकडा ठेवून करून पाहिलं. पहिला स्क्रू आत गेला, पण शेवटी जागच्या जागी फिरतच राहिला. उलटा काढला तर आट्यांत भुसा भरलेला. दुसऱ्याचं डोकं कागद फाडून आत घुसलं आणि खाली पांढरी पूड पडली.

आटे कोणते, लांबी किती, किती अंतरावर मारायचे? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

तो डबा परत करा. बारीक आटे पत्र्याच्या स्टडसाठी असतात. आपल्याकडे पुण्या-मुंबईत फॉल्स सीलिंगला जीआय चॅनलवर जिप्सम बोर्ड लावतात, तिथे ते बरोबर. लाकडाला जाड आट्यांचे घ्या, म्हणजे डब्यावर 'कोर्स थ्रेड' असलेले. बारीक आटे मऊ पाइनचे तंतू कुरतडून टाकतात. तुमचा स्क्रू फिरत राहिला तो त्यामुळेच.

आता लांबी. अर्धा इंची बोर्डाला सव्वा इंची, ५/८ इंचीला १ ५/८ इंची. बाबांना मिस्त्रींच्या भाषेत सांगा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग): पाच सुती बोर्डाला एक इंच पाच सूत. म्हणजे छताला पूर्ण एक इंच लाकडात जातो आणि भिंतीला पाऊण इंच. किमान पाच सूत आत जायला हवा, तेवढं दोन्हीकडे सहज होतं. छत खाली येतं ते बहुतेक वेळा लाकडातली पकड सुटून नाही, तर स्क्रूचं डोकं बोर्डातून आरपार निघून. तुम्ही कागद फाटलेला पाहिलात ना, तो धोका खरा. जिप्सम ठिसूळ असतो, सगळी ताकद कागदात. डोकं पृष्ठभागाच्या किंचित खाली जाऊन छोटीशी खळी पडली की थांबायचं. ड्रायवॉलचा खास बिट मिळतो, त्याला वाटीसारखी कडा असते आणि ती बोर्डाला टेकली की स्क्रू पुढे जात नाही. तो नक्की घ्या. फाटलाच कागद, तर दोन इंचांवर दुसरा स्क्रू मारा आणि फसलेला काढून टाका.

लांब स्क्रूचं आणखी एक सांगतो, कारण मी हीच चूक केली होती. लाकूड वाळताना आकसतं. स्क्रूचं टोक जितकं खोल धरलेलं, तितकी पृष्ठभागापाशी जास्त फट पडते, आणि वर्षभरात रंगातून डोक्यांचे फुगवटे दिसायला लागतात. माझ्या हॉलमध्ये ११ आले.

अंतर छताला १२ इंच, भिंतीला १६. चार-बाय-आठचा बोर्ड आडवा लावलात तर भिंतीला २८ आणि छताला ३५ स्क्रू लागतील. कडेपासून तीन सूत आत मारा. आधी छत, मग भिंत, म्हणजे भिंतीचा बोर्ड छताच्या कडेला खालून आधार देतो. पाच सुती बोर्ड ७० पौंडांच्या आसपास भरतो, तेव्हा बोर्ड छतापाशी उचलून धरणारी लिफ्ट भाड्याने आणा. खांद्यावर तोलत स्क्रू मारू नका.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. दोनच गोष्टी जोडते. स्टडमधून वायर नेताना भोक स्टडच्या कडेपासून किमान सव्वा इंच आत ठेवतात, नाहीतर त्यावर लोखंडी पट्टी ठोकतात. अर्ध्या इंचाच्या बोर्डातून दोन इंची स्क्रू गेला तर तो दीड इंच आत, म्हणजे थेट वायरपर्यंत पोचू शकतो. सव्वा इंचीला ती भीती नाही. तरी बोर्ड लावण्याआधी उघड्या भिंतीचे फोटो काढून ठेवा, नंतर कधी शेल्फ लावायचं झालं की उपयोगी पडतात. (शेल्फला मात्र ड्रायवॉलचे स्क्रू नको, ते कडक असतात, वाकत नाहीत, तुटतात.)

दुसरं, लाकूड हाताला कोरडं लागतं पण आत ओल असते. मॉइश्चर मीटरने मोजा. आमच्याकडे पाणी शिरलं होतं तेव्हा १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय मी बोर्ड लावला नव्हता.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शेजाऱ्यांकडून मीटर आणला. जॉइस्ट ११, स्टड १३, पण खालची आडवी पट्टी १९. हाताला ती अगदी कोरडी लागत होती! म्हणजे शनिवारी फक्त छत, आणि भिंत पट्टीची ओल उतरेपर्यंत थांबेल. पंखा आता तिच्याकडेच वळवून ठेवलाय. नवे स्क्रू त्याच तुकड्यावर मारून पाहिले: चौथ्यापासून खळी नीट पडायला लागली आणि एकही फिरला नाही. बाबांना सूत सांगितल्याबरोबर पटलं, म्हणाले, "एक इंच आत जातोय? मग पुरे."

बाहेरच्या भिंतीत इन्सुलेशनवर प्लॅस्टिकची शीट घालायची आहे. तिच्यावरून हेच सव्वा इंची चालतील ना? भिंतीचं काम पुढच्या आठवड्यात होईल असं दिसतंय, त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.