मदत हवी आहे: रोजची अ‍ॅसिडिटीची गोळी आणि किडनी

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. बाबा (वय ६८) सहा वर्षं रोज चहाआधी पॅन्टोप्राझोल ४० घेतात. मूळ चिठ्ठी पंधरा दिवसांची! ती घडीवर फाटली, गोळी चालूच. रविवारची मिसळही सुटलेली नाही, ते असो.

परवा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी; वाढलं तर काळजी) १.५ आलं, गेल्या वर्षी १.१ होतं. या गोळ्यांचा किडनीच्या आजाराशी संबंध काही अभ्यासांत दिसलाय, पण गोळीच कारण असं सिद्ध नाही, इतपत वाचलं. गुडघ्यासाठी पेनकिलरही घेतात, माझा संशय त्यावर जास्त. गोळी एकदम थांबवली तर दोन दिवसांत जळजळ दुप्पट.

डॉक्टरांच्या सल्ल्याने कोणी हळूहळू कमी केलीय का? फॅमोटिडिनवर (अ‍ॅसिडिटीची वेगळ्या प्रकारची गोळी) भागलं का? आणि गंगापूर रोडकडे नीट ऐकून घेणारे किडनीतज्ज्ञ कोणी सुचवाल का?