मदत हवी आहे : आगळावर पांढरी साय आलीय

यंदा पहिल्यांदाच घरी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घातलंय. 3 किलो रातांबे (कोकमाची फळं) फोडून सालं आणि बियांसकट गर बरणीत, मध्ये मिठाचे थर. आई किलोला पाव किलो मीठ घालायची. खारट होईल म्हणून मी हात आखडला, सगळं मिळून पाव किलोच घातलं. रोज सकाळी लाकडी डावाने ढवळते. रंग काय उतरलाय, लालबुंद! पण सहाव्या दिवशी वर पातळ, सुरकुतलेली पांढरी साय दिसली. ढवळलं की बारीक बुडबुडे येतात. वास आंबूस आहे, कुबट नाही. केसाळ किंवा हिरवी-काळी बुरशीही नाही.

साय काढून आता मीठ वाढवलं तर चालेल का? की टाकूनच द्यावं लागेल? उकळायला मन धजत नाही, तो रंग जाईल. कोकणातल्या जाणत्यांनी कृपया लवकर सांगा, पाऊस तोंडावर आलाय.